घरगुती फ्लो बेंच: शंभर सीसीच्या हेडमधून हवा किती जाते?

तेलकट_हात (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, गेल्या वर्षी भंगारातून एक शंभर सीसीचा हेड (इंजिनावरचं व्हॉल्व्हवालं झाकण) आणून त्याचे पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा) घासले आणि गाडीला बसवला. मित्र म्हणाले, "लई भारी ओढतेय राव!" मला स्वतःला मात्र काहीच फरक जाणवला नाही. आपली गाडी ओढते की नाही हे चहा पाजून दुसऱ्यांकडून वदवून घ्यायचं, याला काय अर्थ आहे? तेव्हाच ठरवलं, मोजायचं.

फ्लो बेंच म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हेड एका पेटीवर बसवायचा, पेटीतून हवा ओढायची आणि ठराविक ओढीला व्हॉल्व्हमधून किती हवा जाते ते बघायचं. इंजिन चालू करायचं नाही, पेट्रोल नाही, काही नाही.

माझी रचना अशी. १८ मिमी मरीन प्लायची पेटी, मधोमध आडवी फळी घालून दोन खण केलेत. वरच्या खणावर हेड. मधल्या फळीत एक भोक आणि त्यावर ऑरिफिसची, म्हणजे ठरलेल्या मापाच्या भोकाची, चकती. खालच्या खणाला व्हॅक्यूम क्लीनरची १२०० वॅटची जुनी मोटर. हवा हेडमधून वरच्या खणात येते, चकतीतून खाली जाते आणि मोटरमधून बाहेर पडते. पाण्याच्या दोन यू-नळ्या आहेत. पहिली वरच्या खणातली ओढ दाखवते, दुसरी चकतीच्या वर आणि खाली दाबात किती फरक आहे ते. पहिली टेस्ट प्रेशर, दुसऱ्यावरून हवेचं माप.

हेड थेट प्लायवर ठेवला नाही. त्याच इंजिनाचा फुटक्या फिन्सचा ब्लॉक (सिलिंडर) भंगारात मिळाला, तोच अडॅप्टर म्हणून बसवलाय. ५० मिमी बोअर, स्टड जागच्या जागी, पॅकिंगही कंपनीचं. लेथवर अडॅप्टर करून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडलं आणि बोअर तंतोतंत तोच.

अडलंय ते इथे: चकती किती जाडीची हवी? १० इंच पाण्याच्या ओढीवर मोजू की २८ वर? आणि प्लायमधून हवा झिरपते का?

उद्यमनगरी | रविवार, रात्री ११:१५

ब्लॉकचा अडॅप्टर! नाद खुळा. आमच्याकडं लोक त्यासाठी नायलॉनचा गोळा घेऊन येतात आणि भाव ऐकून परत जातात.

चकतीचं बघा. ३ मिमी ॲल्युमिनियम किंवा पितळ घ्या. भोक सरळ पाडून सोडू नका. हवा ज्या बाजूनं आत शिरते ती कड धारदार ठेवायची, पलीकडच्या बाजूनं ४५ अंशाचा उतार द्यायचा. बोअरची सरळ भिंत जेमतेम अर्धा-एक मिमी राहिली पायजे. मग धारदार कडेचा गुणांक (हिशेबानं जायला हवी त्यातली खरी किती हवा जाते तो आकडा) ०.६१ च्या आसपास धरता येतो. कड मारली, नुसता सँडपेपर फिरवला, तरी गुणांक वाढतो आणि तुमचं माप खोटं. टर्नरला आधीच सांगून ठेवा. त्याचा हात सवयीनं बर (कडेला राहिलेला धातूचा चुरा) काढायला जातोच, आणि बरसोबत तो कडपण मारून टाकतो.

एकाच मापाच्या दोन चकत्या करून घ्या. कशाला ते मागाहून सांगतो.

खटारा_प्रेमी | सोमवार, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवली. एकच प्रश्न: शेजारी अजून बोलतात का तुमच्याशी? माझ्या घरी व्हॅक्यूम क्लीनर पाच मिनिटं चालला तरी वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येतात.

मीटरवाली | सोमवार, दुपारी १:२०

१० की २८ यावर लोक उगाच भांडतात. अमेरिकन ट्यूनर २८ इंचाचे आकडे देतात, कारण तिकडच्या मोठ्या बेंचवर ती पद्धत पडली. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १० इंचावरचा आकडा १.६७ ने गुणला की २८ इंचाचा मिळतो. १० इंच म्हणजे २५४ मिमी पाणी, २८ म्हणजे ७११. तुमच्याकडे मोटर एकच आहे, आणि तिला हेड व चकती या दोन्हींची ओढ पेलायची आहे. १० वर रहा.

दुसरं. सीएफएमच्या (मिनिटाला किती घनफूट हवा) मागे लागण्याआधी हे बघा. हेड आणि चकती यांतून हवा तीच जाते. त्यामुळे हवेची घनता, व्होल्टेज, आज उकडतंय की पाऊस पडतोय, हे सगळं दोन्हीकडे सारखंच लागतं. नुसतं गुणोत्तर घ्या: चकतीवरचा दाबफरक भागिले हेडवरचा, त्याचं वर्गमूळ, आणि ते चकतीच्या क्षेत्रफळाने गुणा. तुमचा हेड किती मोठ्या धारदार भोकाइतका आहे ते चौरस मिलिमीटरमध्ये मिळालं. कोल्हापुरात मोजा, मुंबईत मोजा, आकडा तोच. सीएफएम लिहिलं तर आधी घनता विचारावी लागते.

संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं तरी गुणोत्तर हलत नाही, हे तुमच्या गावात जास्त कामाचं.

तेलकट_हात | सोमवार, रात्री ९:५०

@मीटरवाली ताई, +१. गुणोत्तराचं डोक्यातच आलं नव्हतं. तरी सीएफएमची सवय जात नाही, लोक तेच विचारतात. दोन्ही लिहीन.

@खटारा_प्रेमी, बेंच मागच्या पडवीत आहे. आईने एकदा विचारलं, "एवढा आवाज करून कचरा कुठे दिसत नाही तो?" कानात कापूस घालतो.

मोटरबद्दल एक सांगायचं राहिलं. व्हॅक्यूम क्लीनरच्या काही मोटरी ओढलेल्या हवेनेच थंड होतात. चकती लहान, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा, म्हणजे हवा कमी. अशा वेळी त्या तापतात. पहिली मोटर मी अशीच घालवली, आधी वार्निशचा वास आला आणि मग धूर. आता लावलेली बायपास जातीची आहे, तिच्या गार व्हायच्या हवेचा पंखा वेगळा असतो. ओढ कमीजास्त करायला रेग्युलेटर लावला नाही. खालच्या खणाला दीड इंची पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह लावलाय, तो किलकिला केला की बाहेरची हवा आत येते आणि वरची ओढ उतरते.

नळ्यांना गवंड्याची लेव्हल ट्यूब वापरली. पाण्यात खायचा लाल रंग आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसला की पाणी नळीला चिकटून राहतं, दोन-तीन मिमीचा फरक तिथेच पडतो. बुडबुडा अडकला तर नळीला टिचकी मारत बसायचं.

डिझेल_चाळीसगाव | मंगळवार, सकाळी ७:३०

नळ्या कशाला राव, आर्डुइनोला प्रेशर सेन्सर लावा. स्क्रीनवर थेट आकडा.

मीटरवाली | मंगळवार, सकाळी ११:००

लावा की. एमपीएक्स ५०१० डीपी हा सेन्सर १० किलोपास्कलपर्यंत जातो, म्हणजे २८ इंचालाही पुरतो. दर किलोपास्कलला ४५० मिलिव्होल्ट देतो. पण साध्या आर्डुइनोच्या दहा बिटांत एक पायरी सुमारे ११ पास्कलची, म्हणजे १.१ मिमी पाणी. कंपासपेटीतली पट्टी तेवढंच वाचते, आणि पट्टीला शून्य पुन्हा पुन्हा जुळवावं लागत नाही. सेन्सर नंतर लावायचा असेल तरी तो तपासायला पाण्याची नळी लागतेच.

तेलकट_हात | शनिवार, सायंकाळी ६:१५

पेटीच्या आतून रेझिनचे दोन हात, सांध्यांना सिलिकॉन. वर रबराचा तुकडा ठेवून तोंड बंद केलं आणि मोटर लावली. चकतीच्या नळीत हालचाल जवळजवळ शून्य. पेटी गळत नाही.

आता हेड. इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह व्हर्नियरने २४ मिमी. मूळ स्प्रिंग काढून हलकी घातली, नाहीतर बोल्टने व्हॉल्व्ह दाबताना सगळं वाकतं. रॉकरच्या जागी पट्टी आणि तिच्यात एम६ चा बोल्ट. एम६ चा पिच १ मिमी, एक फेरा म्हणजे एक मिमी लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडतो तेवढं अंतर). शेजारी डायल गेज लावलाच आहे. मोटर चालू केल्यावर डायलचा काटा हलला, म्हणजे हवाच व्हॉल्व्ह ओढत होती. मग स्प्रिंगखाली वॉशर घालून ती थोडी आवळली.

पोर्टच्या तोंडाला प्लॅस्टिसिनची गोल कड केली. आधी शाडूची केली होती, ती वाळून तडकली. या कडेला हलक्यात घेऊ नका. ती काढली की ६ मिमीला जवळपास दीड सीएफएम गायब होतो. पोर्टच्या धारदार तोंडाशी हवा आत वळताना भिंत सोडते, त्यामुळे.

हात न लावलेला हेड, १० इंच, सीएफएम:
१ मिमी ७.०, २ मिमी १३.१, ३ मिमी १८.६, ४ मिमी २३.०, ५ मिमी २६.२, ६ मिमी २८.०

चकती २० मिमीची आहे. तीन वेळा हेड उतरवून पुन्हा चढवला, आकडे ०.२ च्या आत आले. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं.

टेस्टबेड_काका | शनिवार, रात्री ८:३०

आकड्यांचा तोंडवळा बरोबर वाटतो. १ मिमी उचलल्यावर व्हॉल्व्हभोवती जो पडदा उघडतो तो ७५ चौ. मिमीचा. लिफ्ट व्यासाच्या चौथ्या हिश्श्याला पोचली, म्हणजे तुमच्याकडे ६ मिमीला, की पडद्याचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाइतकंच होतं. तोवर सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) आणि व्हॉल्व्हची कड हवा अडवतात, त्यापुढे पोर्ट. आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

तुमच्या ९७ सीसीच्या इंजिनाला ८००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३९० लिटर हवा लागते, म्हणजे १४ सीएफएमच्या आत. २८ बघून उगाच खूश होऊ नका. इंजिन ती हवा सारखी ओढत नाही, व्हॉल्व्ह उघडा असेल तेवढ्या वेळातच ओढतं.

तेलकट_हात | पुढचा रविवार, दुपारी ४:००

झालं! चार दिवस डाय ग्राइंडर, मग ८० आणि १२० चा कागद. गाईडचा (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीचा) पुढे आलेला खांब निमुळता केला, सीटखालची कास्टिंगची पायरी काढली. पोर्टचा व्यास फारसा वाढवला नाही. हेड धुऊन पुन्हा जोडला. पुढच्या फेरीत एक्झॉस्टही (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) मोजायचा म्हणून जाता जाता त्यालाही हलकी स्प्रिंग घालून ठेवली.

१ मिमी ९.६, २ मिमी १५.७, ३ मिमी २१.३, ४ मिमी २५.८, ५ मिमी २९.४, ६ मिमी ३१.५

६ मिमीला साडेबारा टक्के! पडवीत एकटाच नाचलो.

खटारा_प्रेमी | रविवार, दुपारी ४:२०

अभिनंदन! पेढे कुठे?

उद्यमनगरी | रविवार, सायंकाळी ५:००

एक लंबर. माझा पण हेड पाठवू काय?

डिझेल_चाळीसगाव | रविवार, सायंकाळी ५:४५

साडेबारा टक्के म्हणजे गाडी ११० ला जाणार का?

टेस्टबेड_काका | रविवार, रात्री ९:१०

पेढे थांबवा.

१ मिमीला ७.० चे ९.६ झाले. ते का? मागेच लिहिलं होतं, १ मिमीला हवा पोर्ट अडवत नाही, सीट अडवते. सीटला तुम्ही हात लावला नाही. मग हे २.६ कुठून आले?

वाढीचा स्तंभ लिहून बघा: २.६, २.६, २.७, २.८, ३.२, ३.५. पोर्टमधून खरी वाढ झाली असती तर खाली शून्याजवळ आणि वर जास्त असती. तुमच्याकडे अडीच सीएफएम प्रत्येक लिफ्टला कायम आहे. लिफ्ट कितीही असो, तेवढीच हवा आत येतेय, म्हणजे ती इनटेकमधून येतच नाही. कुठेतरी हवा मारतंय.

दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर लावा. आणि उदबत्ती घ्या.

तेलकट_हात | रविवार, रात्री ११:३५

काका, साष्टांग.

पेटीची गळती मी तोंडावर रबर ठेवून तपासली होती, पण हेड चढवून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून एकदाही नाही. आता केलं. चकतीच्या नळीत पाणी सरकलं, आणि हिशेब अडीच सीएफएमचाच आला.

उदबत्ती आधी पॅकिंगभोवती फिरवली. धूर सरळ वर. स्पार्क प्लगभोवती, सरळ. प्लायच्या सांध्याला, सरळ. मग एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी नेली आणि धुराची रेघ वळून आत गेली, दोऱ्यासारखी. बोट आत घालून व्हॉल्व्हचा दांडा चाचपला तर मोटर चालू केली की तो खाली सरकतो, बंद केली की टक् करून बसतो.

ती हलकी स्प्रिंग! हेड ब्लॉकवर बसला की व्हॉल्व्हचं तोंड खाली, म्हणजे स्वतःचं वजनही उघडायच्याच बाजूला, आणि त्यात भर ही ओढ. इनटेकवर डायल होती म्हणून काटा हलताना दिसला आणि मी स्प्रिंग आवळली. एक्झॉस्टवर डायल नव्हती, त्यामुळे काही दिसलंच नाही.

मीटरवाली | सोमवार, सकाळी १०:१५

हिशेबही जुळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती मिमीचा आहे? २१ धरला तर १० इंचावर त्याला उघडणारा जोर सुमारे ८८ ग्रॅमचा. अडीच सीएफएम गळायला तो ०.४ मिमी उघडला तरी पुरे, डोळ्याला ते दिसणार नाही. २८ इंचावर हाच जोर अडीचशे ग्रॅमच्या आसपास जातो.

तेलकट_हात | सोमवार, रात्री १०:००

२१ च आहे ताई. एक्झॉस्टला मूळ स्प्रिंग घालून पुन्हा मोजलं:

१ मिमी ७.०, २ मिमी १३.२, ३ मिमी १८.७, ४ मिमी २३.३, ५ मिमी २६.९, ६ मिमी २९.०

चार दिवस घासून हाती आला एक सीएफएम. साडेतीन टक्के. पेढ्यांचा डबा परत केलाय.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०:३०

एक सीएफएम खरा हाय, ते बघा की. आता त्या दुसऱ्या चकतीचं सांगतो. हेडच्या जागी वर एक २० मिमी चकती, मधल्या फळीत दुसरी २० मिमी. दोन्ही नळ्यांचा फरक जवळजवळ सारखा आला पायजे. खालचा लई वर गेला तर मध्ये कुठंतरी हवा शिरतीय.

टेस्टबेड_काका | मंगळवार, सकाळी ९:००

बरोबर, पण तंतोतंत सारखा येणार नाही, तेव्हा घाबरू नका. वरच्या खणातली हवा अडीच टक्के विरळ झालेली असते, म्हणून खालचा फरक तेवढाच जास्त दिसतो. वर २५० मिमी तर खाली २५६ च्या आसपास. २८० आले तर उदबत्ती. दर रविवारी काम सुरू करण्याआधी ही तपासणी करा, पाच मिनिटं लागतात.

आणि आता सीटकडे वळा. तीन कोनांत कटिंग करून घ्या: ४५ ची सीट, वरून ३०, खालून ६०. व्हॉल्व्ह प्रत्येक फेऱ्यात १-२ मिमीवरून जाताना दोनदा जातो, कमाल लिफ्टला एकदाच पोचतो. लोक ६ मिमीचा आकडा बघून घासत बसतात.

तेलकट_हात | पुढचा शनिवार, सायंकाळी ७:२०

गावातल्या हेडवाल्याकडून तीन कोनांत सीट कापून घेतली, ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह बसवला. आधी दोन चकत्यांची तपासणी: वर २५२, खाली २५९. मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून. मगच माप.

१ मिमी ७.७, २ मिमी १४.१, ३ मिमी १९.६, ६ मिमी २९.४

१ मिमीला दहा टक्के. सीटचं काम तासाभराचं, आणि मी मात्र चार दिवस ॲल्युमिनियमची धूळ खाल्ली.

एक शंका: पोर्ट अजून मोठा करू का? जागा आहे.

टेस्टबेड_काका | शनिवार, रात्री ८:४०

नको. बेंच फक्त किती हवा जाते ते सांगतो, ती किती वेगाने जाते ते सांगत नाही. पोर्ट फुगवला तर बेंचवर अर्धा सीएफएम वाढेलही. पण खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडेल आणि पिस्टन वर यायला लागला की भरलेली हवा परत फिरेल. तुमची गाडी बाजारात जाऊन येणारी आहे. गाईडच्या मागे थोडं काम बाकी असेल तर तेवढं करा.

तेलकट_हात | शनिवार, रात्री ९:३०

ऐकतो. पुढे मित्राच्या जुन्या बुलेटचा हेड येतोय, ३५० वाली, ७० बाय ९०. तिच्यासाठी दुसरी मोटर समांतर लावावी लागेल आणि ब्लॉकचा अडॅप्टर या वेळी मिळणं अवघड आहे, कास्ट आयर्नचा ब्लॉक कोण फुकट देतोय. @उद्यमनगरी, नायलॉनचा गोळा किती पडेल?

उद्यमनगरी | शनिवार, रात्री ९:५०

किंमत ऐकून परत जाणार नसाल तर सांगतो.

नवा_रायडर | रविवार, सकाळी ६:५०

धागा आत्ताच पूर्ण वाचला, जबरदस्त! माझ्या आरएक्स १०० चा हेड पाठवला तर मोजून द्याल का?

तेलकट_हात | रविवार, सकाळी ८:१५

भाऊ, आरएक्स टू-स्ट्रोक आहे, तिच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतात. तो नुसतं झाकण आहे, मध्ये प्लगचं भोक. पोर्ट सगळे ब्लॉकमध्ये. ब्लॉक पाठवा, रीडसकट (हवा आत घेणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेसकट). हेड घरी राहू दे.